शेवटचा हात

“पहिली नजर नेहमी त्यांचीच का, उस्ताद?”

दस्तगीर शिकलगारांनी मान वर केली नाही. कानस चालूच राहिली. पोलादाचा बारीक भुसा त्यांच्या मांडीवरच्या कापडावर पडत होता.

शाल्मली उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

तिला वाटलं होतं वेगळंच. सात वर्षं जर्मनीत राहून, वस्तू निर्दोष कशी बनवायची याचंच शिक्षण घेऊन आपण परत येतोय. म्हातारा दारातच हात धरून आत नेईल. पहिल्याच दिवशी विचारील, बेटी, तिकडे कसं करतात? मग आपण पेटी उघडू, केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा मोजणारी मापं काढू, आणि कारखाना नाही तर निदान ही एक गल्ली तरी सुधारू.

घडलं होतं ते असं. उस्तादांनी तिला तेलात भिजलेलं एक पिवळं फडकं दिलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं.

“गुंडाळायचं,” ते म्हणाले होते. “इथून बाहेर जाणारी प्रत्येक चीज तुझ्या हातून गुंडाळून जाईल.”

तीन महिने ती गुंडाळत होती.

कानस थांबली.

“काय म्हणालीस?”

“पहिली नजर. आलेली प्रत्येक वस्तू आधी सुबरावदादांकडे जाते. माझ्याकडे का नाही?”

उस्तादांनी हातातला तुकडा उजेडात धरला, एक डोळा मिटला.

“फडकं कोरडं झालंय,” ते म्हणाले. “तेल घाल.”

…

मिरजेत, किल्ल्याच्या मागच्या गल्लीत हे दुकान. दस्तगीर उस्तादांच्या आजानं तलवारींना धार लावली, बापानं शिकारी बंदुका दुरुस्त केल्या. आता आसपासच्या तीन जिल्ह्यांत कुणीही एका ठरावीक कारखान्याचं नवं रिव्हॉल्वर घेतलं आणि ते हमीच्या मुदतीत बिघडलं, की ते इथं येई.

आणि बिघडत फार होतं.

खोक्याचा वास न गेलेली, कोरी करकरीत रिव्हॉल्वरं येत. कुणाचा घोडा पडायचा पण गोळी उडायची नाही. कुणाचा चाप दाबायला दोन माणसं लागावीत असा घट्ट. कुणाची चकरी, म्हणजे गोळ्या भरायचं ते सहा घरांचं फिरतं चाक, मध्येच अडून बसायची. परवान्यासाठी दोन-तीन वर्षं हेलपाटे घातलेली माणसं ती वस्तू रुमालात बांधून आणत आणि लग्नात मुलीकडच्यांनी फसवल्यासारख्या चेहऱ्यानं समोर ठेवत.

शाल्मली पेटून उठे. कारखान्याला लिहायचं तिचं पत्र बारा पानांवर गेलं होतं. “नवी वस्तू दोषासकट विकणं हे पाप आहे,” असं त्यातलं एक वाक्य तिनं उस्तादांना वाचून दाखवलं होतं.

“पाप,” उस्ताद म्हणाले होते. “शब्द मोठा आहे. पत्र पोचायला जास्त तिकीट लागेल.”

सुबराव लोहार हसला होता. मोठ्यानं.

त्याचं ते हसणं तिला महिनाभर पुरलं.

सुबराव सातवी शिकलेला. वय पंचेचाळीसच्या पुढे, दुकानात बावीस वर्षं. एका कानानं कमी ऐकू यायचं. रिव्हॉल्वर आलं की तो ते रिकामं आहे याची तीनदा खात्री करी, मग डोळे मिटून ते हनुवटीला टेकवी आणि घोडा हळूहळू मागे ओढी. चकरी एकेक घर फिरे. हाडातून जे काही त्याला कळे ते कळे.

“दुसरं घर,” तो म्हणे. “लंगडतंय.”

मग शाल्मली आपल्या टेबलावर पातळ पोलादी पानांची मापपट्टी काढून तासभर मोजमाप करी. दुसरं घरच निघे.

दर वेळी तेच. दर वेळी तिच्या घशाशी आंबट काहीतरी येई.

उस्ताद आपल्या कपातला अर्धा चहा सुबरावच्या बशीत ओतत. तिला मात्र स्वतंत्र कप, वर झाकण. तिला ते “बेटी” म्हणत, त्याला “सुब्या गाढवा”. आणि त्या गाढवाचाच तिला हेवा वाटे. एखाद दिवशी उस्तादांनी आपल्यालाही एक शिवी हासडावी, असं तिच्या मनात येई, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

…

आनंदीबाई मगदूम मंगळवारी आल्या. पांढरेवाडीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गावाजवळच्या दगडखाणीत सुरुंगाखाली दोन मजूर गेले तेव्हा त्या समोर होत्या. येत्या सोमवारी कोर्टात त्यांची साक्ष होती. बाकीचे साक्षीदार एकेक करून विसरभोळे झाले होते. बाईंच्या कौलांवर दोनदा दगड पडले होते.

त्यांनी कापडी पिशवीतून आधी डबा काढला, मग चष्म्याची केस, मग रिव्हॉल्वर.

“नवं आहे,” त्या म्हणाल्या. “दोनदा कारखान्यात जाऊन आलंय. दोन्ही वेळा ही चिठ्ठी.”

चिठ्ठीवर छापलेलं होतं, तपासले. दोष आढळला नाही.

“माझ्या शाळेतली नापास पोरंही अशीच परत यायची. पण ती निदान उंचीनं तरी वाढलेली असायची.”

सुबराव पुन्हा मोठ्यानं हसला. उस्तादही हसले.

“काय होतं नेमकं, बाई?” उस्तादांनी विचारलं.

“सरावाच्या मैदानावर उडवलं, तर काहीतरी बाजूनं उडालं. हे बघा.” त्यांनी अंगठ्याजवळची बारीक खूण दाखवली. “शिसं होतं म्हणे. मला वाटलं होतं, गोळी पुढे जाते.”

“पुढेच जायला पाहिजे,” उस्ताद म्हणाले. “घर नळीसमोर नीट थांबत नसेल, तर गोळी दाराच्या चौकटीला घासून बाहेर पडते. आज खूण आहे. उद्या बोट जाईल.”

“सोमवारच्या आत होईल?”

“शुक्रवारी न्या.”

उस्तादांनी रिव्हॉल्वर उचललं. शाल्मलीनं नकळत हात पुढे केला.

त्यांनी ते सुबरावकडे दिलं.

…

शुक्रवारी दुपारी सुबराव आपल्या जागेवरून उठला आणि बाईंचं रिव्हॉल्वर शाल्मलीच्या टेबलावर आणून ठेवलं. रिकामं, चकरी बाहेर काढलेली, नळी भिंतीकडे.

एरवी तो “झालं, मॅडम” असं म्हणे. आज काही बोलला नाही. जरा वेळ उभा राहिला, कान खाजवला, आणि डबा घेऊन मागच्या अंगणात जेवायला गेला.

तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं.

एक शब्दसुद्धा नाही. हमालाच्या पुढ्यात पोतं टाकावं तसं.

तिनं फडकं उचललं… आणि खाली ठेवलं. मापपट्टी काढली. का काढली, ते तिला तेव्हाही माहीत होतं.

पहिलं घर ठीक. दुसरं ठीक. तिसरं ठीक.

चौथं घर पुरतं बसत नव्हतं. दहा वेळा फिरवलं तर सात वेळा नीट, तीन वेळा किंचित अलीकडे. केसाएवढं अलीकडे. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

सुबरावची हनुवटी चुकली होती!

तिच्या आत काहीतरी गोड पसरलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिनं वहीत आकडा लिहिला, पुढे तारीख टाकली, वेळ टाकली. आता धावत जाऊन सांगावं? सुबराव म्हणेल, बरं, द्या इकडं. दहा मिनिटांत नीट करील, आणि उस्ताद पुन्हा त्याच्याच बशीत चहा ओततील.

नाही. बाई सरावाला नेतील. तक्रार घेऊन परत येतील. सगळ्यांसमोर. तेव्हा वही उघडायची.

तिनं रिव्हॉल्वर पिवळ्या फडक्यात गुंडाळलं. नेहमीपेक्षा जास्त नेटकं.

तीन वाजता बाई आल्या. रजिस्टरवर सही केली. पुडकं पिशवीत ठेवताना शाल्मलीकडे बघून म्हणाल्या, “झालं ना ग सगळं ठीक?”

“सुबरावदादांनी बघितलंय,” शाल्मली म्हणाली.

शब्द न् शब्द खरा होता.

बाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. “तुझ्यासारख्या मुली परत आल्या की बरं वाटतं.” आणि चारच्या एसटीला निघाल्या.

…

संध्याकाळी पोलीस लाइनीतले शस्त्रागाराचे हवालदार चहाला आले. उस्तादांना मोतीबिंदू झालेला, डाव्या डोळ्याला दिसणं जवळजवळ बंद, उजव्यालाही बारीक अक्षर लागत नसे. हवालदारांनी विचारलं, “आता कसं करणार हो, उस्ताद?”

“माझा डोळा गेला म्हणून काय झालं?” उस्तादांनी सुबरावच्या पाठीत थाप मारली. “या गाढवाची हनुवटी आहे की. खुदानं डोळा चुकून तिथं लावलाय.”

हवालदार हसत हसत गेले.

शाल्मलीला आता बाई परत येईपर्यंत धीर धरवेना.

“ती हनुवटी चुकते, उस्ताद.”



“काय?”

“मगदूम बाईंचं रिव्हॉल्वर. चौथं घर. पुरतं बसत नाही. दहात तीन वेळा.” तिनं वही उघडून त्यांच्यासमोर धरली. “मी मोजलंय. हे बघा. आकडे खोटं बोलत नाहीत.”

उस्तादांना वही दिसत नव्हती. त्यांनी ती बाजूला सारली.

“मोजलंस?”

“हो.”

“कधी?”

“आज. दुपारी. सुबरावदादा जेवायला गेले तेव्हा.”

“आणि बाई कधी आल्या?”

“तीन वा…”



…

“म्हणजे आधी,” उस्ताद म्हणाले.

“…आधी.”

सुबराव उठून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “चौथ्या घराची मलाच शंका होती. हाडाला कधी लागायचं, कधी न्हाई. दोन दिस डोकं फोडलं. कळंना. म्हणून तर तुमच्या टेबलावर आणून ठेवलं.”

“मग बोलला का नाहीत?” तिचा आवाज चढला. “नुसतं टाकून गेलात!”

“कसं बोलू? चौथं घर म्हटलं असतं, तर तुम्ही चौथंच शोधलं असतं. सहावं राहिलं असतं. पुढच्या हाताला काय बी सांगायचं न्हाई, अशी इथली रीत हाय. उस्तादांच्या वडलांपास्नं.”

 तपासणाऱ्याला आधीच्या तपासणीचा निकाल कळू देऊ नये, या एका गोष्टीवर तिनं तिकडे वीस पानी निबंध लिहिला होता. त्याला बक्षीस मिळालं होतं.

“पण मी… मी तपासणारी कुठे होते? मला तर गुंडाळायला ठेवलंय.”

सुबरावनं उस्तादांकडे बघितलं. मग तोच म्हणाला, “मॅडम, त्या फडक्याला हात लावायला मला नऊ वरसं लागली.”

तिनं टेबलावरच्या पिवळ्या फडक्याकडे पाहिलं.

“पहिली नजर कुणाची बी चालते. शिकाऊ माणसाला बी देतात. चुकली तर पुढं माणूस हाय. गुंडाळणाऱ्याच्या पुढं कोण हाय? गिऱ्हाईकच की. जो गुंडाळतो त्यानं ‘जा’ म्हटलं, म्हणून ती चीज जाते. तुम्ही आलात त्या दिशी उस्तादांनी माझ्याकडनं काढून तुम्हाला दिलं.” तो जरासा हसला. “मला बी लागलंच होतं जिवाला. आठ दिवस भाकरी गोड लागली न्हाई.”



इतके दिवस ती त्याचा हेवा करत होती… आणि हेवा करण्यासारखं जे होतं ते तिच्याच हातात तेलकट होऊन पडलं होतं.

“मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“नाही सांगितलं,” उस्ताद म्हणाले.

“का?”

उस्ताद खणाकडे वळले. खणात चाचपून कारखान्याची चिठ्ठी काढली. बाईंनी दिलेली. ती तिच्यापुढे धरली.

“वाच. मला दिसत नाही.”

“तपासले. दोष आढळला नाही.”

“खोटं आहे?”

“साफ खोटं आहे.”

“असेल. त्यांनी उघडूनही बघितलं नसेल. न बघणाऱ्याला दोष आढळत नाही, यात नवल काय?” त्यांनी चिठ्ठी परत खणात टाकली. “तुला आढळला.”

…

उस्तादांनी टेलिफोन जवळ ओढला. नंबर त्यांना पाठ होता.

“मगदूम बाई, दस्तगीर बोलतो. पुडकं सोडू नका. हो, आहे तसंच कपाटात, कुलूप लावून. गोळ्या वेगळ्या ठेवा. नाही, कारखान्याची नाही, या वेळी चूक इथली आहे… आमच्या दुकानाची. हो. उद्या कळवतो.”

त्यांनी फोन ठेवला.

आपलं नाव त्यांनी घेतलं नाही, हे शाल्मलीला सर्वांत जास्त लागलं.

सुबराव पायताण घालत होता. “साडेसहाची गाडी मिळंल,” तो म्हणाला. “बाईंच्या ओट्यावर पडतो आज. दारात पुरुष माणूस दिसला की दगड मारणारी येत न्हाईत. घरी निरोप धाडा, उस्ताद.”

“जा.”

“मीपण येते,” शाल्मली म्हणाली.

उस्तादांनी हात वर केला. “तू जाऊन बाईंना काय सांगणार?”



चौथं घर बसत नाही, हे सांगता आलं असतं. तपासणीत राहून गेलं, हेही सांगता आलं असतं. दोन्ही वाक्यं तयार होती, कारखान्याच्या चिठ्ठीइतकी गुळगुळीत.

“…माहीत नाही.”

“मग घरी जा.”

सुबराव गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला. काखेत घोंगडी, हातात दुपारचाच रिकामा डबा. तिला वाटलं, आता तरी मन हलकं व्हावं, त्याच्याविषयी चांगलं काहीतरी यावं. आलं नाही. आली ती तीच आंबट कळ.

…

सकाळी उस्ताद दुकानाची फळी काढायला आले, तर शाल्मली पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले.

“किती वेळ झाला?”

“सहापासून.”

ते फळी काढू लागले. तिनं दुसरं टोक धरलं.

“मी पांढरेवाडीला जाते,” ती म्हणाली. “बाईंना घेऊन येते, रिव्हॉल्वर घेऊन. आजच्या आज चौथं घर नीट होईल, सुबरावदादा करतील आणि मी मोजीन. मग बाईंच्या घरी मी राहीन, सोमवारी त्या कोर्टात जाईपर्यंत.”

“हं.”

“आणि त्यांना सांगीन की मला दिसलं होतं. दिसलं असून मी दिलं. दुसऱ्याची चूक निघावी म्हणून दिलं. असंच सांगीन. या शब्दांत.”

उस्तादांनी फळी भिंतीला टेकवली.

“बाईंनी पुन्हा तोंड बघितलं नाही तर?”

“तर नाही.”

“आणि मी दुकानात घेतलं नाही तर?”

तिला एकदम रडू आलं. ते तिनं गिळलं.

“तरी जाईन.”

एसटी स्टँड डाव्या हाताला. ती दोन पावलं गेली आणि परत वळली.

“उस्ताद, एक सांगू? रात्रभर विचार केला. वाटलं होतं, निर्णय झाला की ते जाईल. गेलं नाही. काल सुबरावदादा निघाले ना, तेव्हा मला काय वाटलं माहितीये? की बाईंच्या ओट्यावर जाऊन बसायचं, हेसुद्धा त्यांनाच आधी सुचलं… माझ्या आधी. अशा वेळीही मला त्यांचा हेवाच वाटला.”

“आत्ता?”

“आत्तासुद्धा. अजून टोचतंय. वाटतं, आधी हे मनातून नीट काढावं, स्वच्छ व्हावं, आणि मग बाईंसमोर उभं राहावं. दोन दिवस थांबून…”

उस्तादांनी दुकानाच्या अंधारात हात घालून कानस उचलली. अंगठ्यानं तिचे दाते चाचपले.

“टोचतंय?”

“हो.”

“मग आत्ताच जा, शाल्मले. बोथट झाल्यावर कुणी जात नाही.”